पाळीखालचं स्पॅनिश पिस्तूल

"मला फक्त एक ओळ हवी आहे," पुनम भोयर म्हणाली. "पिस्तूल कुणी बनवलं आणि कोणत्या साली. स्मारकाच्या दगडावर कोरायचं आहे."

दुर्गा आत्रामने समोरचा फोटो जवळ ओढला. नागपूरच्या प्रयोगशाळेत तिची अकरा वर्षं बंदुका आणि गोळ्या तपासण्यात गेली होती. नोकरी सोडून ती चंद्रपुरात खासगी तपासाची कामं घेऊ लागली, त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. शेजारच्या खुर्चीत प्रफुल्ल निकुरे बसला होता. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ तिची गाडी चालवायचा, कागदपत्रं सांभाळायचा आणि प्रत्येक प्रकरणाचा निकाल पहिल्या दिवशीच लावून मोकळा व्हायचा.

पुनम ब्रह्मपुरीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होती. तिचं गाव पाथरटोला, सावली गावापासून तासाभरावर. तिथल्या जुन्या तलावातला गाळ काढताना पाळीचा, म्हणजे बांधाचा, एक भाग खोदावा लागला आणि दगडांच्या थराखाली माणसाचा सांगाडा सापडला. सोबत मेणकापडात गुंडाळलेलं पिस्तूल होतं.

"माझ्या आबाजींचे काका, नानाजी भोयर, बेचाळीसच्या आंदोलनात गेले ते परत आले नाहीत," ती म्हणाली. "गोऱ्या सोजिराचं पिस्तूल हिसकावून पळाले, एवढंच गावाला ठाऊक होतं. ऐंशीपेक्षा जास्त वर्षांनी ते सापडले, मॅडम. सोमवारी गावात त्यांचा अंत्यसंस्कार आहे."

"आज शुक्रवार," दुर्गा म्हणाली. "तपासणी करून घ्यायचं कुणाच्या मनात आलं?"

"माझ्याच. आबाजी म्हणत होते, कशाला हवं? पण मी इतिहासाची बाई. पुराव्याशिवाय दगडावर कसं कोरू?"

तासाभरात तिघंही रस्त्याला लागले.

---

ठाणेदार दिनेश वाढई यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. मेणकापडाने ते बऱ्यापैकी वाचवलं होतं, तरी वरच्या बाजूला गंजाचे पापुद्रे चढले होते.

"कोल्ट आहे," ठाणेदार म्हणाले. "अमेरिकन. लढाईच्या काळात गोऱ्या सैनिकांकडे असायचं."

"दिसतं तसंच. पण कोल्टपेक्षा लहान आहे." दुर्गाने भिंग धरलं. गंजाच्या कडेला एक बारीक ढाल उमटलेली होती. "ही ढाल स्पेनमधल्या चाचणीगृहाची. प्रत्येक पिस्तूल तिथे तपासलं जायचं आणि त्यावर वर्षाचं अक्षर ठोकलं जायचं."

"आणि हे अक्षर?" पुनमने विचारलं.

"एन."

प्रफुल्लने मोबाईलवर यादी शोधून काढली. सत्तावीस सालापासून एकेका वर्षाला एकेक अक्षर दिलेलं होतं. बोट सरकत सरकत थांबलं.

"एन म्हणजे एकोणीसशे बेचाळीस!" तो जवळजवळ ओरडला. "संपलं, ताई!"

पुनमच्या डोळ्यांत पाणी आलं. ठाणेदारांनीही मान डोलावली.

दुर्गा मात्र भिंगातून बघतच राहिली. "अक्षर मधोमध नाही," ती म्हणाली. "उजवीकडे जागा आहे आणि तिच्यावर गंजाची गाठ. कारखान्याचं नावही गंजाखाली आहे. संध्याकाळी येऊन साफ करू का?"

"पंचांसमोर करा," ठाणेदार म्हणाले.

सरकारी डॉक्टरांचा अहवाल तिने दोनदा वाचला. पुरुष, तरुण. डाव्या हाताचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं. बरगड्यांच्या गाळात बत्तीस बोअरची, याच पिस्तुलात बसणारी, एक गोळी.

---

पाथरटोल्यात पुनमचे आबाजी, दादाजी भोयर, यांच्या अंगणात मांडव पडला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे दादाजी पंधरा वर्षं सरपंच होते. पांढरं धोतर, ताठ मान. त्यांच्या एका शब्दावर गाव उठायचं.

"बसा, बाई," ते म्हणाले. "पोरीनं उगाच तुमाले तरास देल्ला. गाव ओळखते आपल्या मानसाले."

"तुमच्या काकांचा हात कधी मोडला होता का?"

"हो, हो. डावा. बैलबंडीवरून पडले होते. माह्या बापानं सांगतलं होतं मले."

"पिस्तूल इंग्रजांचं नाही, भाऊ. स्पेनचं आहे."

दादाजी हसले. "कुठचंबी असन. सोजिरायपाशी तवा का नवतं? कोल्ट होती, वेब्ली होती, लामा होती. जे हाती लागलं ते घेऊन पराले काका."

"तुम्ही तरुणपणी शिकारीच्या कॅम्पवर काम करत होता म्हणे. असं पिस्तूल कधी पाहिलं?"

"रायफली पाह्यल्या. पिस्तूल कधी हाती नाई धरलं."

चहा झाला. दुर्गाने तलाव बघायची इच्छा दाखवली.

पाळीवर खोदकामाचा मोठा खड्डा होता. तिथे मजुरी करणारा सुकलू मडावी हा पन्नाशी ओलांडलेला माणूस त्यांना सगळं दाखवू लागला. "वरतं दगडायचा थर होता, बाई. एकबी दगड हाललेला नवता. मशीननं उचलले तवा कवटी दिसली. पोट्टे पराले भेवानं. मग मीच उचलली, या हातानं."

"हे दगड कधी बसवले?"

सुकलूने बोट दाखवलं. थोड्या अंतरावर एक उभा दगड होता. त्यावर वेडीवाकडी अक्षरं होती: पाळ दुरुस्ती, १९७०.

"त्या साली पोळ्याच्या पान्यानं पाळ फुटली होती म्हन्ते," सुकलू म्हणाला. "मी तवा मायच्या पोटात होतो."

"कामावर मुकादम कोण होतं?"

"दादाजी भाऊ. आनखी कोन?"

प्रफुल्ल घाम पुसत गाडीकडे वळला. "बेचाळीसला पुरलं, सत्तरला वरून दगड बसवले. जुळते की सगळं."

दुर्गाने उभ्या दगडाचा फोटो काढला.

---

संध्याकाळी ठाण्यात दोन पंच बसले. दुर्गाने तेलात भिजवलेल्या कापसाने गंजाची गाठ हळूहळू मऊ केली. लाकडी काडीने ती खरवडायला अर्धा तास लागला.

आधी नाव वर आलं. इंग्रजी अक्षरं, निम्मी खाल्लेली, तरी वाचता येणारी.

"लामा," दुर्गा म्हणाली. "गाबिलोंदो यांचा कारखाना. हुबेहूब कोल्टसारखी पिस्तुलं बनवायचे."

मग ती एन अक्षराच्या उजवीकडे वळली. शेवटचा पापुद्रा निघाला आणि तिचा हात थबकला.

"प्रफुल्लभाऊ, बघा."

एनच्या शेजारी एक उभी रेघ होती. एकचा आकडा.

"चौपन्न सालापर्यंत अक्षरं संपली," दुर्गा म्हणाली. "मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पण शेजारी एकचा आकडा ठोकून. यादी खालपर्यंत वाचा."

प्रफुल्लने यादी सरकवली. "एन-एक... एकोणीसशे अडुसष्ट."

ठाणेदार खुर्चीतून उठले. पुनम दारात उभी होती. तिने चौकट घट्ट धरली.

"म्हणजे... ते आमचे नानाजी नाहीत?"

"बेचाळीस साली हे पिस्तूल जन्मालाच आलं नव्हतं," दुर्गा म्हणाली. "आणि सत्तरचे दगड जागचे हललेले नव्हते. मधल्या दोन वर्षांतच कुणीतरी तिथे पुरलं गेलं. ठाणेदारसाहेब, सोमवारी त्या हाडांना अग्नी दिला तर सगळंच जळून जाईल."

"थांबवतो."

"सोमवारपर्यंत थांबवू नका. सांगूही नका कुणाला. पुनम, तुम्हीसुद्धा."

पुनमने मान डोलावली. "कोण आहे ते, मलाही कळलं पाहिजे."

---

शनिवारी दुर्गाने गावातल्या म्हाताऱ्यांना एकच प्रश्न विचारला. अडुसष्ट ते सत्तर या काळात गावातून कोण गेलं आणि परत आलं नाही? सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. लालसू मडावी. सुकलूचा बाप.

गावाच्या टोकाला बुधरीबाईचं घर होतं. बाहत्तर वर्षांची बाई अंगणात मोहफुलं वाळवत होती. दुर्गा तिच्याशी गोंडीत बोलली, तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला. पण नवऱ्याचा विषय निघताच ती मराठीवर आली. तो राग तिने बहुधा गावासमोर मराठीतच वागवला होता.

"परून गेला," ती म्हणाली. "मी चार महिन्याची पोटुशी. पोळ्याच्या दिसी सकारी निंगाला, तो गेलाच. सिरोंच्याकडची बाई केली म्हन्ते त्यानं. लोकं मलेच हासत होते. कशी बायको होय, नवरा नाई टिकला म्हनत."

"कुणी पाहिलं त्यांना?"

"दादाजी भाऊनं. सिरोंच्याच्या बसमंदी बसताना पाह्यलं, बाईसंग. त्यायनंच येऊन सांगतलं मले."

"काय काम करायचे ते?"

"जंगलात वाघाचा माग काढे. साहेब लोकायसंग जाये. अस्वलानं डावा हात मोडला होता त्याचा, तरी भेत नवता." बोलता बोलता तिचा आवाज मऊ झाला होता. ते ध्यानात येताच तिने फुलं जोरात चाळवली.

प्रफुल्लने चमकून दुर्गाकडे पाहिलं. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "ताई, पोळ्याच्या दिवसांत सिरोंच्याची बस कशी असन? आमचे जुने कंडक्टर सांगत, तवा पावसाळ्यात नाल्यांवर पूल नवते. आलापल्लीच्या पुढं गाडी जातच नसे."

दुर्गाने त्याच्याकडे वळून पाहिलं. "हे मला सुचलं नसतं, प्रफुल्लभाऊ."

प्रफुल्लला खूश व्हायचं होतं, पण होता आलं नाही.

बिरजू पूर्वी साहेब लोकांच्या शिकारीच्या कॅम्पवर स्वयंपाक करायचा. आता त्याला धड दिसत नव्हतं, पण जीभ शाबूत होती.

"आखरी साहेब सत्तरच्या जानेवारीत आला. मंग त्याच वर्षी वाघाच्या शिकारीवर बंदी आली. जाताना साहेबानं दोघाले बक्षीस देल्लं. एकाले दुर्बीन, एकाले पिस्तूल. दादाजी आन् श्रावन. कोनाले का देल्लं ते मले नाई मालूम. मी भांडे घासून राह्यलो होतो."

श्रावण उईके त्याच साली वनरक्षक झाला होता, आता निवृत्त होता. लालसूचं आणि त्याचं एकदा कडाक्याचं भांडण झाल्याचं गाव सांगत होतं.

"झालं होतं," श्रावण म्हणाला. "मी त्याची कुऱ्हाड जप्त केली होती. दुसऱ्या दिसी परत देल्ली. पिस्तूल? नाई बाई. मले तर हे देल्लं." त्याने कोनाड्यातून कातडी डब्यातली दुर्बीण काढली. झाकणाच्या आत शाईने श्रावणचं नाव आणि १९७० साल होतं, इंग्रजीत, खाली साहेबाची सही.

"मग पिस्तूल दादाजींना मिळालं?"

"साहेबानं त्याले तंबूत बलावून देल्लं. मी डोळ्यानं नाई पाह्यलं. खोटं काऊन बोलू?"

परतताना प्रफुल्ल म्हणाला, "या श्रावणचाच संशय येते मले. भांडणही होतं, आणि दुसऱ्याकडं बोट दाखवते."

"दादाजींनी काल अंगणात काय काय सांगितलं, ते जरा आठवून पाहा," दुर्गा म्हणाली.

---

सोमवारी सकाळी आठ वाजता ग्रामपंचायतीसमोर झेंडूच्या माळांनी सजवलेला ट्रॅक्टर उभा होता. शाळेची पोरं रांगेत होती. आत, बैठकीच्या खोलीत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी ठेवली होती. ठाणेदारांनी सहीसाठी म्हणून मोजक्या लोकांना आत बोलावलं होतं. दादाजी, पुनम, श्रावण, बिरजू, सुकलू आणि बुधरीबाई.

"हिचं का काम इथी?" दादाजींनी बुधरीकडे बघत विचारलं.

"मी बोलावलं," दुर्गा म्हणाली. "पुनमताईंनी मला एक ओळ मागितली होती, ती देते. लामा पिस्तूल, गाबिलोंदो यांचा कारखाना, स्पेन. साल एकोणीसशे अडुसष्ट."

खोलीत चुळबुळ झाली. बिरजूने शेजाऱ्याला विचारलं, "का म्हनलं?"

"एन या अक्षरावर आम्ही सगळेच फसलो. एन म्हणजे बेचाळीस. पण शेजारी गंजाखाली एकचा आकडा निघाला. हा माणूस अडुसष्टच्या आधी मरूच शकत नाही. आणि ज्या दगडांखाली तो होता, ते सत्तर साली बसवलेत, त्यानंतर हललेले नाहीत. या काळात या गावातून एकच माणूस नाहीसा झाला."

बुधरीबाई तिच्याकडे टक लावून बघत होती.

"त्याचा डावा हात अस्वलाने मोडला होता. पेटीतल्या सांगाड्याचाही डावा हात मोडून जुळलेला आहे."

सुकलूने आपले दोन्ही हात समोर धरले. "कवटी मी उचलली," तो पुटपुटला. "माय... मीच उचलली."

बुधरी बसल्या जागी भिंतीला टेकली.

"लालसू सिरोंच्याच्या बसमध्ये बसला, हे पाहणारा माणूस एकच," दुर्गा पुढे म्हणाली. "पोळ्याच्या पाण्यात ती बस धावतच नव्हती. त्याच पाण्याने पाळ फुटली. फुटलेली पाळ मातीने भरताना कुठे काय घालायचं, कधी दगड बसवायचे, हे मुकादम ठरवतो. मुकादम दादाजी भाऊ होते."

"पिस्तूल श्रावनपाशी होतं!" दादाजी गरजले. "साहेबाचं बक्षीस! लालसूसंग भांडन त्याचंच होतं!"

"श्रावणभाऊंना मिळालेली दुर्बीण साहेबाच्या सहीसकट शाबूत आहे. तरी तुमचं ऐकते." दुर्गाचा आवाज चढला नाही. "पण शुक्रवारी दुपारी तुम्हाला मी एवढंच सांगितलं, की पिस्तूल स्पेनचं आहे. ठाण्यात सगळे त्याला कोल्ट म्हणत होते. कारखान्याचं नाव गंजाखाली होतं, ते मी संध्याकाळी साफ केलं. त्या दुपारी नाव मलाही ठाऊक नव्हतं. तुम्ही मात्र म्हणालात, कोल्ट होती, वेब्ली होती, लामा होती. पिस्तूल कधी हाती न धरलेल्या माणसाला लामा कसं ठाऊक, भाऊ?"

दादाजींची नजर पेटीवर गेली.

पुनम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आबाजी, नाही म्हणा ना. माझ्याकडे बघून एकदा नाही म्हणा."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची ताठ मान हळूहळू खाली गेली.

"वाघीन होती पल्याडच्या नाल्यात," तो म्हणाला. "बंदी आल्ती, पन कातडं पायजे होतं मले. लालसूले म्हटलं, माग दाखव. तो म्हने, तिचे पिल्लं हायेत, मी नाई दाखवत. मी पिस्तूल काढलं, भेवाडाले. तरी नाई म्हने. चार मानसायसमोर कोनी मले नाई म्हटलं नवतं कधी. तिथी तर दुसरं कोनी नवतंबी. आमी दोघंच."

"आणि नानाजी?" पुनमने विचारलं. "काकांचा हात, बैलबंडी?"

"कवटी निंगाली तवा सुचलं."

पुनम मागे सरकली. पाठ दाराला लागेपर्यंत सरकत राहिली. पहाटे तिने स्वतःच्या हाताने ओवलेल्या झेंडूच्या माळा तिथे टोपलीत होत्या. तिच्या पायाने टोपली कलंडली.

ठाणेदारांनी दादाजींच्या दंडाला धरलं. बाहेर पोरांनी घोषणा सुरू केल्या होत्या. आत काय झालं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पोलिसांच्या मधून दादाजी बाहेर येताना दिसले आणि घोषणा अर्ध्यावर तुटली.

बुधरीबाई उठली ती थेट तलावाकडे चालू लागली. दुर्गा आणि सुकलू मागोमाग निघाले. खड्ड्याशी ती थांबली.

"पानी आनाले याच वाटनं जात होतो मी," ती म्हणाली. "रोज. दोन खेपा. सुकलू पोटात होता तवापासून." तिने खाली बघितलं. "त्याच्यावरूनच जात होतो. आन् मनात त्याले शिव्या देत होतो."

तिने पायातल्या चपला काढल्या. हातात घेतल्या. आणि मग, पंचावन्न वर्षांत गावाने कधी ऐकला नव्हता असा हंबरडा फोडला.

---

प्रयोगशाळेचा अहवाल यायला सात आठवडे लागले. सुकलूचं रक्त आणि पेटीतली हाडं जुळली. दादाजी तोवर चंद्रपूरच्या तुरुंगात होते. पुनमने स्वतः ठाण्यात जाऊन जबाब दिला होता. स्मारकाचा दगड तिने परत पाठवला. नानाजी भोयर बेचाळीस साली कुठे गेले, हे अजूनही कुणाला ठाऊक नव्हतं. ती आता जुनी दफ्तरं चाळत होती.

लालसूला त्याच्या कुळाच्या रीतीने मातीत ठेवलं, तेव्हा भात रोवणी संपत आली होती. पाथरटोल्यातलं प्रत्येक घर आलं. पुनम सगळ्यांत मागे उभी होती. बुधरीने तिला हाताने बोलावलं आणि आपल्या शेजारी उभं केलं.

मग म्हातारी खाली बसली आणि ओल्या मातीशी गोंडीत बोलू लागली. बराच वेळ, थांबत थांबत, घरात कुणाशी बोलावं तसं.

प्रफुल्लने दुर्गाला हळूच विचारलं, "का म्हणून राह्यली, ताई?"

दुर्गाने थोडं पुढे झुकून ऐकलं.

"पोळ्याच्या त्या दिवशी घरी काय काय रांधलं होतं," ती म्हणाली, "ते सांगतेय त्याला."